मास्तरांचं तोंड सुटलं

आमच्या मास्तरांनी जन्मात कुणाला वाकडा शब्द बोलून दाखवला नव्हता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. आमचं नातं साडूचं. त्यांची बायको थोरली, माझी तिची धाकटी बहीण. थोरलीला सगळे आक्का म्हणतात. मीही म्हणतो, आणि म्हणताना जरा सरळ उभा राहतो.

बायकांचे कपडे शिवायचे मास्तर. एखादी बाई मागच्या मापात मावेनाशी झाली, तर "तुम्ही सुटलात" असं म्हणायचं नाही. "कापड आटलं असेल हो," म्हणायचं. वर विचारायचे, "गरम पाण्यात धुतलंत का?" बाई म्हणायची, "हो हो, धुतलं खरं." सगळं पाप गरम पाण्यावर जायचं, बाई खूश होऊन नवं माप द्यायची. मी पोट धरून हसायचो. म्हणायचो, "मास्तर, एक दिवस खरं बोला की!" ते म्हणायचे, "खरं बोलून कुणाचं माप कमी होतं का, साडूभाऊ?"

घरीही तसंच. आक्कानं काही ठरवलं की ह्यांचं "बरं." मुलानं काही केलं की "छान." मुलगा कापडाच्या मोठ्या दुकानात मॅनेजर आहे, तयार कपडे विकतो, म्हणजे बापाच्या पोटावर पाय देऊनच पोट भरतो. त्यालाही "छान."

आणि मी. माझा धंदा दुकानांची शटरं दुरुस्त करायचा. घण आणि ग्रीस. दिवसभर पत्र्यावर ठोकून ठोकून माझा आवाज चढलेला तो चढलेलाच. संध्याकाळी काम उरकलं की मास्तरांच्या दुकानात स्टूल ओढून बसायचो आणि दिवसभरात काय घडलं ते सांगायचो. ते मान डोलवायचे, हसायचे, चहा मागवायचे. मी बोलणारा, ते ऐकणारे. सख्खे भाऊ असतात त्यांचं पटत नाही, आमचं साडवांचं पटायचं. लोकांना सांगायचो मी तसं, छाती फुगवून.

मग मास्तरांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर.

ऑपरेशन झालं. पोट वरपासून बेंबीच्या पार खालपर्यंत उघडलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, गाठ पूर्ण निघाली, आजूबाजूला काही दिसत नाही. आक्का तिथल्या बाकड्यावर मटकन बसली. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटतोय. दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

त्याचं असं असतं की पाठीच्या कण्यापाशी एक बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध सोडतात, म्हणजे पोट बधिर राहतं. मास्तरांची पाठ जन्मभर मशीनवर वाकून अशी जुळून गेलेली, की सुई शिरायला फट सापडेना. अफूच्या जातीचं इंजेक्शन दिलं तर उलट्या. ताज्या टाक्यांवर उलटी म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. माणूस धनुष्यासारखा व्हायचा, आणि तोंडातून आवाज नाही. तिथंही सभ्यपणा.

मग भूल देणारी डॉक्टरीण आली. बुटकी, चालायला तुरुतुरु, बोलायला सरळ. म्हणाली, "आता शिरेतून देऊ. भुलीचंच औषध आहे, पण झोपवण्याइतकं नाही. हा पंप थोडं थोडं सोडत राहील. जागे राहतील, पण दुखणं लांब जाईल."

"लांब म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"शेजारच्या खोलीत कुणाचं तरी दुखतंय, असं वाटेल त्यांना."

"मग झोपवूनच टाका ना सरळ."

"मला त्यांना झोपवायचं नाहीये हो, खोकायला लावायचंय," डॉक्टरीण म्हणाली. "पोट दुखतं म्हणून हे खोकत नाहीत, श्वास वरच्या वर घेतात. असं राहिलं तर छाती कफानं भरेल. गाठ काढून माणूस न्यूमोनियानं गेला, तर आम्ही काय तोंड दाखवायचं?" जाता जाता म्हणाली, "थोडं बरळतील. मनातलं बोलतील, नसलेलंही बोलतील. फारच झालं तर सांगा, कमी करते."

पंप लागला आणि मास्तरांच्या मुठी उघडल्या. डोळ्यादेखत सांगतो, आवळलेली बोटं एकेक करून सुटी झाली. खांदे खाली आले. सिस्टर पट्टी बदलायला आली तर मास्तरांनी मान उचलून स्वतःचं पोट बघितलं आणि म्हणाले, "टाका लांब घातलाय. आणि ओळ बघा, दारू पिऊन मारल्यासारखी." सर्जन तिथंच होता. तो हसला, मी हसलो, सिस्टर तोंडाला हात लावून हसली. मला काय माहीत हे नुसतं पहिलं माप होतं.

दुपारी मुलगा आला. "बाबा, कसं वाटतंय?"

मास्तर छताकडे बघत होते. आवाज शांत, माप सांगावं तसा. छाती, कंबर, बाही.

"लग्नात तू विकतचा कोट घातलास," मास्तर म्हणाले. "मी शिंपी, घरात मशीन, आणि तू हँगरवरचा कोट घातलास. मला म्हणालास, बाबा तुम्हाला कशाला त्रास. खांदे पडलेले होते त्याचे. शेतातल्या बुजगावण्यासारखा दिसत होतास. लोक मला विचारत होते, तुम्ही शिवला का. मी हो म्हणालो. तुझी लाज झाकायला त्या भिकार कोटाला मी माझं नाव दिलं."

मुलाचं तोंड उघडं ते उघडंच. मी म्हणलं, "अरे, औषधाचं आहे ते, मनावर घेऊ नकोस." पण खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या होत होत्या. कोट भिकारच होता.

तेवढ्यात आक्का डबा घेऊन आत आली. मास्तरांनी मान वळवली.

"तू ये. आईला जागा नाही म्हणालीस ना?"

"कुणाची आई?" आक्का म्हणाली.

"माझी. पिशवी घेऊन दारात उभी होती. चपला काढल्या होत्या तिनं. तू म्हणालीस, खोली लहान आहे, गैरसोय होईल. आणि ती गेल्यावर त्याच खोलीत तुझा भाऊ येऊन लोळला, वर्षानुवर्षं. त्याच्या विजारी मी शिवल्या. आई माझ्या बहिणीच्या घरी मेली, मागच्या ओसरीत. मी बरं म्हणालो. तू जे म्हणशील त्याला मी बरं म्हणालो. मला तुझा आवाज आला की पोटात गोळा येतो. डॉक्टरनं तोच काढला असेल."

 आक्कानं डबा खाली ठेवला. बाई रडली नाही. बाहेर गेली आणि सिस्टरला म्हणाली, "त्यांना भ्रम झालाय. ते औषध बंद करा."

डॉक्टरीण आली. म्हणाली, "बंद करून बघू, शुद्धीवर आले की त्यांनाच विचारते. दुखतंय त्यांना."

पंप बंद झाला, मास्तर हळूहळू ताळ्यावर आले. आणि पोरानं काय केलं, तर बाप ताळ्यावर येताच त्याच्या तोंडावर सगळं वाचून दाखवावं तसं सांगून टाकलं. कोटाचं सांगितलं, आजीचं सांगितलं, पोटातल्या गोळ्याचंसुद्धा. वर म्हणाला, "एवढं मनात होतं तर आधी बोलायचं होतं, बाबा. पडल्या पडल्या काय बोलता?"

मास्तरांचा चेहरा इस्त्री केलेल्या कापडासारखा सपाट झाला. आक्काकडे बघून हात जोडायला गेले, तर सुई लावलेला हात उचलेना. डॉक्टरणीनं विचारलं, "पंप परत लावू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "मला सोसतं."

सोसत नव्हतं. उशी पोटाशी आवळून, टॉवेलचं टोक दातात धरून पडून राहायचे. श्वास घशापर्यंतच जायचा आणि परत यायचा. छातीचा व्यायाम घेणारी बाई आली की म्हणायचे, "उद्या खोकतो." साध्या गोळ्या आणि सलाईनमधून दुसरी औषधं चालू होती, पण तेवढ्यानं काय होतंय. अंगात कणकण आली. डॉक्टरणीनं छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. "खाली डाव्या बाजूला आवाज बदललाय. आज खोकले नाहीत तर उद्या मला ऑक्सिजनची आणि पुढची तयारी करावी लागेल. तुमचं ऐकतात का ते?"

"माझंच ऐकतात," मी म्हणलं. "जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी?"

आत गेलो. आक्का आणि मुलगा पायाशी बसलेले. दोघांचीही तोंडं बंद बाटलीसारखी. मी म्हणलं, "मास्तर, हा काय चावटपणा लावलाय?"

"साडूभाऊ, तुम्हाला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? तुम्ही खरं बोललात. माणूस सुटला म्हणालात, कापड आटलं म्हणाला नाहीत. मेलं का त्यानं कुणी?"

आक्का माझ्याकडे असं बघायला लागली की शटर असतं तर वितळलं असतं. मास्तर दातांतून म्हणाले, "जे झालं ते झालं. परत नको. ह्या लोकांबरोबर घरी जाऊन राहायचंय मला."

"राहायला आधी जिवंत पाहिजे ना!"

 घाम निथळत होता. मग मला सुचलं, आणि मला किती हुशार झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू.

"असं करू," मी म्हणलं. "पंप चालू असताना ह्या दोघांनी यायचंच नाही. मी एकटा बसतो. बोला काय बोलायचं ते, माझ्याकडे ते गाडलं जाईल. आणि माझ्याबद्दल तुमच्या मनात असून असून काय असणार? साडू माणूस मी!"

आक्का लगेच उठली. मुलगा तिच्याआधी दाराशी. एवढ्या लवकर मी त्यांना कधी उठताना बघितलं नव्हतं. मास्तर मात्र माझ्याकडे बघत राहिले. "नको साडूभाऊ," म्हणाले, "तुम्हीसुद्धा नको. सिस्टर बसेल."

"सिस्टरला दुसरे पेशंट नाहीत काय? गप पडा."

पंप लागला. मुठी सुटल्या. मी खुर्ची जवळ ओढली, गंमत बघायला बसावं तसा. म्हणलं आता सर्जनचं येईल, मेहुण्याच्या विजारीचं येईल.

"आलास," मास्तर म्हणाले. डोळे अर्धे मिटलेले. इतकी वर्षं अहो-जाहो, आणि आता एकेरी.

"आलो ना."

"तू येतोसच. दिवे लागले की येतोस. तुझ्या चपलांचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू येतो मला, आणि मी म्हणतो, आला. आता गेली संध्याकाळ."

मी हसलो. खरंच हसलो, सवयीनं.

"हसू नको," मास्तर म्हणाले. "तुझं हसणं पत्र्यावर घण पडल्यासारखं आहे. बायका माप द्यायला येतात, तुला बघून दारातून परत जातात. परक्या पुरुषासमोर माप देतील का त्या? तुला कळत नाही. तू स्टुलावर पाय पसरून बसतोस आणि तोच किस्सा सांगतोस, शटरात अडकलेल्या दुकानदाराचा. मला तो पाठ आहे. कुठं थांबणार, कुठं मांडीवर थाप मारणार, सगळं पाठ आहे. तू आलास की मी मशीन पळवतो. काम नसलं तरी पळवतो. चिंध्यांवर शिवण घालत बसतो, तुझं ऐकू येऊ नये म्हणून."

मी पसरलेले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. 

"चहा मागवतो, कारण चहा पिताना तू गप्प असतोस," मास्तर म्हणाले. "तेवढाच."

दार उघडलं. डॉक्टरीण आत आली, मागे व्यायामवाली बाई. डॉक्टरणीनं पंप बघितला, नाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "काय हो, तुमचा चेहरा असा का? बरळतायत का फार? फार होत असेल तर कमी करते, तुम्ही सांगा."

मास्तर पुटपुटत होते. तिला ते शब्द लागत नव्हते, मला लागत होते. नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. तिनंच सांगितलं होतं ना, फार झालं तर सांगा. कुणी मला बोल लावला नसता.

"नाही," मी म्हणलं. "झोपेत पुटपुटतात. चालू द्या."

मग त्या दोघींनी मास्तरांना उठवून बसवलं. मी पाठीला हात दिला. त्या वाकलेल्या पाठीची हाडं माझ्या तळहाताला लागत होती. पोटाशी उशी दिली. "खोका," बाई म्हणाली. आणि मास्तर खोकले. पोटातून, खणखणीत. कफ आला. बाई म्हणाली, "शाब्बास, अजून." मास्तर खोकले, आणि दम घेताना माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो." परत खोकले. "माझं पांढरं कापड तू दोनदा खराब केलंस, मी धुऊन टाकलं." परत खोकले. प्रत्येक खोकल्यामागे एक. मी पाठ सोडली नाही. सोडली असती तर मागे पडले असते.

डॉक्टरणीनं छाती ऐकली. "हवा जातेय खाली," म्हणाली. खूश झाली बिचारी.

संध्याकाळी पंप कमी केला. मास्तर ताळ्यावर आले, पाणी प्यायले. पहिला प्रश्न काय, तर, "साडूभाऊ, मी काही बोललो का हो?"

"छे," मी म्हणलं. "नुसते घोरत होतात. मीच कंटाळलो."

त्यांना केवढं बरं वाटलं. हात थोपटला त्यांनी माझा. मी तो ओढून घेतला नाही, पण कुठं ठेवावा तेही कळेना.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं? जेवत का नाही?" सांगितलं नाही. गाडलं जाईल म्हणालो होतो ना. तिनं आक्काकडून ऐकलं होतं थोडं, म्हणाली, "उद्या नका जाऊ. तुमचं तोंड बघा कसं झालंय." मी म्हणलं, मी नाही गेलो तर तो माणूस पंप लावून घेणार नाही. आणि हे खरं होतं. आक्कानं आणि पोरानं तर दवाखान्यात फोनसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेलो. सिस्टरला म्हणलं, "जरा कापूस द्या."

"कशाला?"

"कान ठणकतोय."

दोन बोळे केले आणि कानात कोंबले. खुर्ची खिडकीशी नेली. माझा आवाज कसा आहे तो मला त्या वेळी पहिल्यांदा नीट ऐकू आला, स्वतःच्याच डोक्यात, शिंकलो तेव्हा. खरंच घण पडल्यासारखा. मध्येच वळून बघायचो, पंप चालतोय ना, श्वास चालतोय ना. तेवढं बघावंच लागतं. आणि बघितलं की मास्तरांचे ओठ दिसायचे. हलत होते. मी परत खिडकीकडे वळायचो. बाहेर एक माणूस गाडी धूत होता. चाकं धुतली त्यानं, काच धुतली, परत चाकं धुतली.

डॉक्टरीण कधी येऊन पंप कमी करून गेली ते मला कळलंच नाही. वळलो तर मास्तर माझ्याकडे बघत होते. डोळे स्वच्छ. आणि बघत होते ते माझ्या कानांकडे.

मी घाईघाईनं बोळे काढले.

"साडूभाऊ, कानाला काय झालं?"

"ठणकतोय. वारा लागला असेल."

"दोन्ही?"

"दोन्ही."

 मास्तर अंगावरच्या चादरीची किनार दोन बोटांत धरून चाचपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरला दाखवा हो. कानाचं दुखणं वाईट."

"दाखवतो."

त्यांनी स्वतःच उशी ओढून पोटाशी घेतली आणि खोकले. कुणी सांगितलं नव्हतं. पंप कमी होता, म्हणजे दुखलं असणार, चांगलंच दुखलं असणार. डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं नाही. परत खोकले.

"उद्यापासून पंप नको म्हणून सांगतो त्यांना," मास्तर म्हणाले. "आता सोसेल."

"ती म्हणेल तोवर घ्यायचा."

"तुम्हाला कशाला उगाच त्रास, साडूभाऊ."

"कसला त्रास?" मी म्हणलं. "बसून तर असतो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी कापसाचे बोळे खिशात ठेवले. टाकून नाही दिले. डॉक्टरीण सकाळीच म्हणाली होती, उद्याचा दिवस तरी पंप लागेलच.